यादी आधी तुमची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

अध्यक्षीणबाई, भगिनींनो, आणि मागच्या दोन रांगांत जरा संकोचून बसलेल्या, लग्न ठरलेल्या मुलामुलींनो,

दरवर्षी ह्या दिवशी आपण बाहेरगावच्या एखाद्या विदुषींना पाचारण करतो. यंदा कार्यकारिणीने घरचीच बाई उभी केली आहे. का म्हणून विचारले, तर कार्यवाहबाई म्हणाल्या, "पेठेतली निम्मी लग्ने तुम्ही कोठीघराच्या दारातून पाहिली आहेत, आणखी काय पात्रता हवी?" ते मात्र खरे आहे. कोठे रुखवत मांडायचे, कोठे ओट्या भरायच्या, कोठे अक्षतांच्या पुड्या बांधायच्या, अशा निमित्ताने गेली तीसेक वर्षे मी मांडवाच्या मागच्या बाजूस वावरते आहे. पुढे सनई वाजत असते, आणि मागे कोठीच्या दाराशी मुलीचा बाप आचाऱ्याशी हलक्या आवाजात पैशांचे बोलत असतो. मला जे सांगायचे आहे ते ह्या मागच्या बाजूचे आहे.

आपल्याकडे लग्न ठरते म्हणजे काय होते? मुले एकमेकांना पसंत करतात, पत्रिका जुळते, आणि मग बैठक बसते. बैठकीला दोन्हीकडचे वडीलधारे असतात, मुलीचा मामा असतो, मध्यस्थी केलेले एखादे काका असतात. कोऱ्या कागदाला हळदकुंकवाचे बोट लागते, वर 'श्री' लिहिले जाते आणि याद होते. मुलीच्या अंगावर सोने किती, मुलाकडून मंगळसूत्र केवढे, मानाच्या साड्या किती, पोशाख किती, कार्यालय कोणी घ्यायचे, जेवणाचा खर्च कोणाचा. सह्या होतात, सुपारी फुटते, पेढे फिरतात. त्या कागदावर सगळ्यांच्या सह्या असतात. नसतात फक्त ज्यांचे लग्न आहे त्या दोघांच्या. मुलगी आत कपबशा मोजत असते आणि मुलगा अंगणात फोनला चिकटलेला असतो.

माझे म्हणणे इतकेच की, त्या यादीच्या आधी तुमची दोघांची एक यादी व्हावी. त्यासाठी एक संध्याकाळ काढा. बागेत बसा, देवळाच्या पायरीवर बसा, हल्ली कॉफीची दुकाने निघाली आहेत तेथे बसा. पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. आणि जे ठरेल ते बैठकीच्या दिवशी मुलाने आपल्या तोंडाने सांगावे. मुलाने, असे मी मुद्दाम म्हणते. मुलीने सांगितले तर 'फार बोलते हो' असे होते. मुलीच्या वडिलांनी सांगितले तर 'खर्चाला मागे सरतात' असे होते. मुलाने सांगितले की बैठक गप्प बसते. हे न्यायाला धरून नाही, मला ठाऊक आहे. पण ज्याच्या शब्दाला आज फुकटचे वजन आहे त्याने ते निदान एकदा चांगल्या कामी खर्च करावे.

यादीची पहिली ओळ खर्चाची. हुंडा पाहिजे असे आता शहाणी माणसे तोंडाने म्हणत नाहीत. म्हणतात, "आमची काहीऽऽ अपेक्षा नाही हो, लग्न तेवढे थाटात करून द्या." हे वाक्य कानावर आले की माझ्या पोटात गोळा येतो. 'करून द्या' म्हणजे दोन्ही अंगांनी करून द्या. कार्यालय तुमचे, जेवण तुमचे, आमची दीडशे माणसे तुमच्या पंगतीला आणि त्यांच्या बसचे भाडेही तुमचे. वर जावयाला घड्याळ, अंगठी. आणि 'तुमच्याच मुलीला लागेल' म्हणून कपाट, फ्रीज, नशीब जोरावर असेल तर मोटारसुद्धा. एका घरी थोरलीच्या लग्नाचे पतपेढीचे हप्ते चालू असतानाच धाकटीची बैठक बसली आणि बापाने राहते घर तारण टाकले. त्या लग्नात बासुंदी फार सुरेख झाली होती. बापाने ती वाटी तशीच ठेवली. मी वाढत होते म्हणून मला ठाऊक.

१९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. हुंडा म्हणजे रोख रक्कमच असली पाहिजे असे त्यात नाही. लग्नाच्या संबंधात, लग्नाआधी, लग्नात वा लग्नानंतर, सरळ किंवा आडवळणाने दिलेली वा द्यायची कबूल केलेली कोणतीही मालमत्ता त्या शब्दात येते. १९८६ च्या दुरुस्तीपासून ह्याला किमान पाच वर्षांची कैद सांगितलेली आहे, आणि ती घेणाऱ्याला तशी देणाऱ्यालाही. देणारे बाप येथे बसलेले आहेत, त्यांनी दचकू नये. जाच झालेल्या माणसाने तक्रारीत दिलेल्या जबाबावरून त्याच्यावरच खटला भरता येत नाही, अशी सोयही कायद्यात आहे. पण मुलांनो, कायद्यापर्यंत गोष्ट जाऊच कशाला द्यायची? बैठकीत तुम्ही म्हणा, "बाबा, ज्याची माणसे त्याचा खर्च." कार्यालय, फुले, भटजी हे निम्मे-निम्मे आणि ताटे ज्याची त्याने मोजायची. ह्या रीतीत एक गंमत मी पाहिली आहे. वराकडची दीडशे माणसे आपोआप साठांवर येतात.

आणि दोघेही मिळवते असाल तर तुमच्या शिलकीतून काही घाला, म्हणजे बोलण्याला जोर येईल. कर्ज मात्र काढू नका. बँका आता लग्नासाठी म्हणूनही कर्ज देतात. तारण न घेता दिलेल्या ह्या कर्जाचे व्याज घरकर्जापेक्षा बरेच चढे असते. संसाराची पहिली तीन वर्षे त्या एका दिवसाच्या फुलांचे हप्ते फेडण्यात घालवायची म्हणजे काय!

दुसरी ओळ माणसांच्या संख्येची. कार्यालय केवढे, ताटे किती, पत्रिका किती, भांडणे किती, सारे ह्या एका आकड्यावर ठरते. आणि आपल्याकडे हा आकडा सर्वांत शेवटी, आणि तोही अंदाजाने काढतात. आधी नावे लिहा, मग कार्यालय पाहा. "लोक काय म्हणतील" असे ज्यांना वाटते त्यांनी २०२० साल आठवावे. साथीच्या त्या वर्षी पन्नास माणसांत लग्ने झाली. २०२१ च्या एप्रिलात तर आपल्या राज्यात पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. आपल्याच पेठेत त्या दिवसांत तीन लग्ने लागली. तिन्ही जोडपी सुखाने नांदत आहेत आणि तिन्ही बापांच्या डोक्यावर दमडीचे देणे नाही. शेजारपाजारच्यांना गच्चीवरून अक्षता टाकाव्या लागल्या, त्याचे कोणालाही वाईट वाटले नाही.

जेवणाचा ठराव करताना एक शब्द नीट समजून घ्या, 'हमी'. ठेकेदार किमान ताटांची हमी मागतो. चारशेची हमी दिली आणि तीनशेच जेवले, तर पैसे चारशेचेच द्यावे लागतात. म्हणून हमी कमी धरा आणि वरच्या ताटांचा दर आधी ठरवून घ्या. कार्यालयाच्या कागदावर ताबा किती वाजता आणि सोडायचे किती वाजता, विजेचे वेगळे पैसे का, वीज गेली तर जनित्र कोणाचे, बाहेरचा आचारी चालतो का, अनामत केव्हा परत, हे लिहून घ्या आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. मोठमोठी कामे करणारी माणसे लग्नात तोंडी व्यवहार करतात, ह्याचे मला नेहमी नवल वाटते. वरातीत वाद्ये लावायची असतील तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हा २००० सालचा नियम आहे. दहानंतर पोलिसाला हातापाया पडणारा वरबाप मी पाहिला आहे, फार केविलवाणा दिसतो. आणि ते लग्नाआधीचे चित्रीकरण, किल्ल्यावर नि समुद्रकाठी जाऊन करतात ते. हौस असेल तर करा बापडे, पण त्याचा खर्चही दोघांच्या नावे निम्मा लिहा.

आता सोन्याकडे आणि आहेराकडे येते. येथे जरा सावकाश बोलणार आहे, कारण मंडळाच्या सल्लाकेंद्रात रडत आलेल्या निम्म्या मुलींचे प्रश्न ह्याच ठिकाणी अडतात.

एक मुलगी लग्नानंतर चार वर्षांनी माहेरी परत आली. का आली ते येथे सांगायचे कारण नाही. माहेरचे आठ तोळे तिच्या अंगावर घातलेले होते, ते सासूबाईंच्या नावाच्या लॉकरमध्ये होते. आम्ही विचारले, "काय काय होते?" ती म्हणाली, "काकू, फोटोत दिसते ते." पावती पाहिली तर तीही अर्धवट. आजीच्या पाटल्यांची मोड देऊन नवे दागिने केलेले, म्हणून पावतीवर वरच्या रकमेची आणि घडणावळीचीच नोंद. दोन दागिने मावशीने दिलेले, त्यांचा कागद नाही. समोरच्या मंडळींनी शांतपणे सांगितले, "चार तोळेच होते, आणि त्यातलेही दोन आमचे." आता फोटोला तराजू कुठून लावायचा?

खरे पाहता कायदा मुलीच्या बाजूने अगदी स्पष्ट आहे. तिला माहेरहून, सासरहून, मैत्रिणींकडून, लग्नाच्या आधी वा नंतर जे मिळाले ते तिचे स्त्रीधन. नवरा-बायको एका घरात राहतात म्हणून ते दोघांचे होत नाही. सासरच्यांनी ते दाबून ठेवले तर तो विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. पण न्यायालयही विचारणार, 'काय होते?' उत्तर कागदावर असले पाहिजे.

तो कागद कसा करायचा हेही सरकारने १९८५ मध्येच नियम करून सांगून ठेवले आहे. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्या भेटींची वराने. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर ती लिहायची. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचे नाव आणि नाते काय, एवढे रकाने. आणि दोन्ही याद्यांवर दोघांच्याही सह्या. न मागता, रिवाजाप्रमाणे, आपल्या ऐपतीत दिलेली भेट हुंड्यात धरत नाहीत, पण ती अशा यादीत आलेली असली पाहिजे.

हे ऐकून लोक बिचकतात. "लग्नाच्या दिवशी असला कोर्टकचेरीचा कागद? अभद्र!" अहो, पण आपल्या मांडवात आहेराची वही असतेच की! कोपऱ्यात चष्मा लावून आत्या बसलेली असते आणि 'अमक्यांकडून स्टीलचा डबा, तमक्यांकडून एकशे एक' असे इमानेइतबारे लिहीत असते. तिला फक्त किमतीचा आणि नात्याचा असे दोन रकाने वाढवून द्या आणि एकीच्या ऐवजी दोन वह्या द्या. लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी, पाहुणे पांगले की, दोघांनी शेवटच्या पानावर सह्या करा. दोन्ही पुस्तकांची चित्रे फोनवर काढून दोघांच्याही आईकडे पाठवा. झाले. ह्यात अभद्र काय आहे? जमाखर्च लिहिणाऱ्या घराला आपण व्यवस्थित घर म्हणतो.

सोन्याच्या बाबतीत आता आणखी एक सोय झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून सोनाराला हॉलमार्कचा दागिना विकायचा तर त्यावर सहा अक्षरांकांचा खुणेचा क्रमांक कोरलेला असावा लागतो, आणि तो दर दागिन्याचा निराळा असतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक असतो. सोनाराकडून भिंगाखाली पाहून घ्या. तो वहीत दागिन्यापुढे उतरून ठेवा. आजीच्या जुन्या दागिन्यांवर तो नसणार, त्यांचे वजन तेवढे लिहा. आणि लॉकर मुलीच्या स्वतःच्या नावावर असावा. हे मी मुलांच्या आयांकडे पाहून बोलते आहे. सुनेचे सोने आपल्या लॉकरात ठेवण्यात माया असेल, मी नाही म्हणत नाही. पण किल्ली तिच्याकडे दिली तर माया कमी होते असे कोठे आहे?

विधींचे पाहू. आपल्याकडे तीनशे माणसे मंगलाष्टकांना उभी राहतात, अक्षता पडतात, टाळ्या होतात आणि मंडळी पंगतीला पळतात. मागे होम पेटतो, सप्तपदी होते. तेव्हा मांडवात भटजी, फोटो काढणारा आणि पेंगुळलेली एखादी करवली एवढीच माणसे उरलेली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला मात्र तुमच्या अक्षता ठाऊक नाहीत. ज्या घराच्या रीतीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल पडले की लग्न पुरे झाले, असे तो म्हणतो. म्हणून माझी विनंती आहे की, त्या अर्ध्या तासासाठी निदान घरची माणसे थांबवा आणि गुरुजींना प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगायला सांगा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवले; अशा पुरोहितबाई अर्थ सांगत विधी करतात, फार गोड वाटते. ज्यांना भटजीच नको असतील त्यांच्यासाठीही वाट जुनी आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच पुरोहितावाचून लग्ने लावायला आरंभ केला, आणि जोतीरावांनी पुढे त्यासाठी मंगलाष्टकेही रचली.

पण परदेशी जायची घाई आहे म्हणून आधी नुसता दाखला काढायचा आणि 'खरे लग्न' पुढच्या वर्षी, असा एक प्रकार हल्ली निघाला आहे, त्याबद्दल सावध करते. विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीचा कागद असल्याने हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झाले असे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. विधी नको असतील, किंवा दोघांचे धर्म निराळे असतील, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याला मात्र वेळ लागतो. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावे लागते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नोटीस पुन्हा. आणि सहीला तीन साक्षीदार. तेव्हा कार्यालयाची तारीख ठरवण्यापूर्वी ह्या कचेरीची तारीख मोजा.

वैदिक किंवा दुसऱ्या कोणत्या रीतीने लग्न केले तरी नोंदणी करायचीच. आपल्या राज्यात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. शहरात पालिकेच्या प्रभाग कार्यालयात, खेड्यात ग्रामपंचायतीत काम होते. लग्नपत्रिका, गुरुजींचे नाव-पत्ता आणि साक्षीदार ह्यांची गरज पडते. ते सारे लग्नाच्याच आठवड्यात हाताशी असते. सहा महिन्यांनी गुरुजी काशीला गेलेले असतात आणि साक्षीदार मामा रुसलेले असतात.

आता एक नाजूक गोष्ट. आपण छत्तीस गुण जुळवतो, पण रक्त तपासत नाही. रक्तगट विचारतात, तेवढ्यावर लग्न मोडतातसुद्धा, आणि त्यात काही अर्थ नाही. आईचा गट आर-एच निगेटिव्ह असला तरी त्यावर वेळेवर द्यायचे इंजेक्शन आहे. पाहायला हवे ते थॅलसेमिया आणि सिकलसेलचे. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारकडे पुष्कळ घरांत आहे. ह्या रोगांचा वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघेही एकाच रोगाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल तीव्र आजार घेऊन जन्मण्याची शक्यता चारात एक. एकजणच वाहक असेल तर तशी भीती नाही. एक थॅलसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा, असे आढळले तरी डॉक्टरांना विचारा. तपासणी साध्या रक्ताची आहे आणि ती याद होण्यापूर्वी करावी. ह्याचा अर्थ लग्न मोडा असा नव्हे. गर्भावस्थेतच तपासणी करता येते, डॉक्टर मार्ग सांगतात. पण ते दोघांनी आधी जाणून ठरवावे.

यादीच्या शेवटी लग्नानंतरच्या चार ओळी राहू द्या. राहायचे कोठे, आणि कोणाच्या आईवडिलांजवळ? दोघांच्या पगारातून घरात किती, स्वतःकडे किती, आणि मुलीने आपल्या आईवडिलांना किती पाठवायचे? हा शेवटचा प्रश्न कोणी काढत नाही आणि एकुलत्या एक मुलींच्या संसारात तोच सर्वांत जास्त कुरकुर करतो. कोणाच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे का? ते लग्नाआधी सांगावे. नावाचे काय? लग्नानंतर बाईने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बदलायचे असेल तर आनंदाने बदला, पण मग बँक, पासपोर्ट, पॅन सगळीकडे एकच नाव करा. दोन नावांच्या कागदांनी ज्या पायऱ्या झिजवाव्या लागतात त्या बाईलाच झिजवाव्या लागतात.

प्रश्न चहानंतर घेऊ. एकटीने विचारायचा असेल तर मी आतल्या खोलीत बसते. तोवर टेबलावर आपल्या भगिनींनी आहेराच्या वह्या चार रकाने आखून ठेवल्या आहेत, सह्यांची जागा शेवटच्या पानावर आहे. त्यांना किंमत नाही. जोडप्यागणिक दोन घ्या, एक तिची आणि एक त्याची.